रक्षक औषधाने उमटविलेले वण

मनुष्यशरीराचा एक स्वभाव असा आहे की, स्वतःचे काय आणि परक्याचे काय हे ते अचूक ओळखते आणि परके ते नष्ट करू पाहते. या स्वभावामुळेच मनुष्यजात जंतूंच्या गराड्यात तगून राहिली. आणि याच स्वभावामुळे एकाचा अवयव दुसऱ्याच्या शरीरात बसविण्याची कल्पना दीर्घकाळ कल्पनाच राहिली. बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनी एका तरुणाच्या शरीरात त्याच्या भावाचे मूत्रपिंड बसविले व ते कार्य करू लागले, तेव्हा त्या यशाचा सर्वत्र गौरव झाला. तो उचितच होता. परंतु ते दोघे भाऊ एकरूप जुळे होते. शरीराच्या दृष्टीने तेथे परका कोणी नव्हताच. शस्त्रक्रियेचा प्रश्न त्या दिवशी सुटला, परकेपणाचा प्रश्न शिल्लक राहिला.

१९६० नंतरच्या दशकात ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइड ही औषधे देऊन प्रतिकारशक्ती मंद करण्याचा प्रघात पडला. त्यामुळे जुळे नसलेल्या व्यक्तींमध्येही प्रतिरोपण शक्य झाले. तथापि मृत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडांपैकी जवळजवळ निम्मी वर्षअखेरीस निकामी होत. ही स्थिती ज्या औषधाने पालटली, ते म्हणजे सायक्लोस्पोरिन. त्याचा आणि त्याच्या कुळातील टॅक्रोलिमस या दुसऱ्या औषधाचा विचार येथे करावयाचा आहे. ही औषधे नसती तर आज प्रतिरोपित मूत्रपिंडावर जगणाऱ्या असंख्य व्यक्ती जगल्या नसत्या. आणि हीच औषधे, ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी ती घ्यावयाची, त्याच मूत्रपिंडात वर्षानुवर्षे वण उमटवीत असतात. या विसंगतीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी वैद्यकात अर्धशतकापासून मतभेद आहेत. आणि त्यांपैकी काही मते रुग्णाला महागात पडली आहेत.

सायक्लोस्पोरिनचा शोध मातीतून लागला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सँडोझ या कंपनीचे कर्मचारी प्रवासाला जाताना लहान पिशव्या बरोबर नेत व गावोगावची माती भरून आणीत. तिच्यातील बुरशींपासून नवी जंतुनाशके मिळतील, ही अपेक्षा. १९६९ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविद्दा या उजाड पठारावरून अशी एक पिशवी आली. तिच्यातील एका बुरशीने निर्माण केलेला, अकरा ॲमिनो अम्लांच्या कड्यासारखा पदार्थ जंतुनाशक म्हणून फारसा कामाचा ठरला नाही. परंतु १९७२ मध्ये त्याच प्रयोगशाळेत असे दिसून आले की, तो प्राण्यांची प्रतिकारशक्ती मंद करतो आणि तसे करताना रक्तपेशींच्या निर्मितीला धक्का लावीत नाही. टॅक्रोलिमसही असेच मातीतून आले. १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळविण्यात आले. आज मूत्रपिंड-प्रतिरोपणात त्याचाच वापर अधिक होतो.

केंब्रिजचे शल्यचिकित्सक रॉय कॅल्न यांनी सायक्लोस्पोरिन प्रथम मूत्रपिंड-प्रतिरोपणाच्या रुग्णांना दिले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा वृत्तांत केवळ सात रुग्णांचा आहे. पण पुढील पन्नास वर्षांचा सगळा वाद त्यात बीजरूपाने आढळतो. औषधाने अस्वीकाराला चांगलाच पायबंद घातला, हे त्यात आहे. आणि मूत्रपिंडाला व यकृताला त्याची बाधा झाली, हेही त्यात स्पष्ट आहे. तेव्हाची मात्रा शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे दररोज २५ मिलिग्रॅम इतकी होती. आजच्या मानाने ती कितीतरी पटींनी जास्त. मात्रा कमी केल्यावर निकाल सुधारले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अनेक रुग्णालयांच्या एकत्रित चाचणीत वर्षअखेरीस टिकलेली मूत्रपिंडे शेकडा ७२ होती, जुन्या उपचारात ती ५२ होती. इतका लाभ समोर असताना बाधेची चर्चा मागे पडावी, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले.

बाधेची चर्चा मागे पडण्यास आणखी एक कारण होते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. रोपलेल्या मूत्रपिंडाचे कार्य मंदावले, तर त्याचा दोष कोणाला द्यावयाचा? शरीर ते मूत्रपिंड नाकारीत असेल. किंवा औषध त्याला पीडा देत असेल. पहिल्या शक्यतेत औषध वाढविले पाहिजे, दुसरीत कमी केले पाहिजे. उपाय परस्परविरुद्ध, आणि बाहेरून दिसणारे लक्षण मात्र एकच: रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले. ज्या आरोपीवर संशय घ्यावयाचा तो गुन्ह्याच्या जागी नेहमीच दुसऱ्या संशयितासह सापडावा, तसा हा प्रकार होता.

या कोड्याचा उलगडा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केला नाही. हृदयाच्या रुग्णांनी केला. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे हृदय-प्रतिरोपण झालेल्या व्यक्तींना अस्वीकार टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिन दिले जाई. या व्यक्तींची मूत्रपिंडे त्यांची स्वतःचीच होती. त्यांचा अस्वीकार होण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रायन मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, वर्षभर किंवा अधिक काळ सायक्लोस्पोरिन घेतलेल्या अशा रुग्णांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती, जुनी औषधे घेतलेल्या हृदयरुग्णांच्या मानाने, जवळजवळ निम्म्यावर आली आहे. काहींच्या मूत्रपिंडाचा सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता नलिकांच्या भोवती तंतुमय वण आढळले. पुढे २००३ मध्ये अमेरिकेतील सुमारे ६९ हजार हृदय, फुप्फुस, यकृत व आतडे यांच्या प्रतिरोपितांची पाहणी प्रसिद्ध झाली. पाच वर्षांत मूत्रपिंडाचा गंभीर विकार होण्याचे प्रमाण अवयवानुसार सुमारे शेकडा ७ पासून २१ पर्यंत होते. त्या रुग्णांच्या आजारपणाचाही त्यात वाटा असणार, सगळा दोष औषधाचा नव्हे. परंतु औषध निर्दोष आहे असे म्हणण्यास त्यानंतर जागा उरली नाही.

हे औषध मूत्रपिंडालाच का पीडा देते, हे पाहण्यासाठी त्याचे कार्य थोडे जवळून पाहावे लागेल. परका अवयव ओळखणाऱ्या श्वेत पेशीला जाग आली म्हणजे तिच्यात कॅल्शियम शिरते व कॅल्सिन्यूरिन नावाचे एक एंझाइम कार्यरत होते. ते एंझाइम एका संदेशवाहक प्रथिनाला पेशीच्या केंद्रात धाडते. तेथे इतर पेशींना चेतविणाऱ्या द्रव्यांचे उत्पादन सुरू होते, आणि बघता बघता एका पेशीची सेना होते. सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस पेशीत शिरून प्रत्येकी आपापल्या एका प्रथिनाशी जोडले जातात आणि ती जोडी कॅल्सिन्यूरिनला बांधून ठेवते. सेनेला हुकूमच मिळत नाही. युक्ती सुंदर आहे. पण कॅल्सिन्यूरिन हे केवळ श्वेत पेशींच्या मालकीचे नाही. ते मेंदूत आहे, स्वादुपिंडात आहे, आणि मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांत व नलिकांतही आहे. म्हणूनच ही औषधे घेणाऱ्यांपैकी काहींचे हात कापतात, काहींना मधुमेह होतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त पुरविणारी एक अतिसूक्ष्म रोहिणी असते, आणि या औषधांचा पहिला प्रहार तिच्यावर होतो. वाहिनी आकुंचित करणारी द्रव्ये वाढतात, शिथिल करणारी घटतात. तोटी पिळल्याप्रमाणे गाळणीकडे जाणारा प्रवाह रोडावतो. क्रिएटिनिन वाढते. मात्रा उतरविली की हा परिणाम बहुधा ओसरतो. येथपर्यंतची बाधा तात्पुरती होय. पण हीच गोष्ट महिनोन्‌महिने चालली, तर रोहिणीच्या भिंतीत काचेसारखा पारदर्शक, निर्जीव पदार्थ साचतो, तिची पोकळी कायमची अरुंद होते, आणि तिच्या पुरवठ्यावर अवलंबून असलेल्या नलिका उपासमारीने वाळू लागतात. निरोगी ऊतकाच्या पट्ट्याशेजारी वणाचा पट्टा, पुन्हा निरोगी, पुन्हा वण, असे पट्टेरी चित्र सूक्ष्मदर्शकात दिसते. पाटाचे पाणी काही वाफ्यांनाच पोचावे आणि बाकीचे करपावेत, तसे.

परंतु केवळ पाण्याच्या तुटीने सगळे स्पष्ट होत नाही. वण आपोआप पडत नाही. तो कोणी तरी विणावा लागतो. जखम भरून काढण्यासाठी शरीरात तंतू विणणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना कामाला लावणारे मुख्य द्रव्य म्हणजे रूपांतरक वृद्धिघटक बीटा. सायक्लोस्पोरिन दिलेल्या प्राण्यांच्या मूत्रपिंडात हे द्रव्य वाढते, हे अनेकवार दिसून आले आहे. टॅक्रोलिमसच्या बाबतीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ते पेशीतील ज्या प्रथिनाशी जोडले जाते, तेच प्रथिन एरवी या वृद्धिघटकाच्या ग्राहकावर कडीसारखे बसून तो अकारण उघडू नये याची काळजी घेते. टॅक्रोलिमस ती कडी काढून नेते.

मग तंतू विणणाऱ्या या पेशी येतात कोठून? २००५ मध्ये डब्लिन येथील संशोधकांनी मनुष्याच्या मूत्रपिंडातील नलिकापेशी काचपात्रात वाढवून त्यांवर सायक्लोस्पोरिन टाकले. एरवी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसणाऱ्या त्या पेशी सुट्या झाल्या, लांबट झाल्या व तंतू विणणाऱ्या पेशींची काही लक्षणे दाखवू लागल्या. गाळणकामगारच विणकर झाला, असा याचा अर्थ काढण्यात आला, आणि काही वर्षे ही कल्पना फार लोकप्रिय होती. पुढे २०१० मध्ये बॉस्टन येथील संशोधकांनी उंदराच्या नलिकापेशींवर आनुवंशिक खूण करून त्यांच्या वंशाचा माग घेतला. मूत्रपिंडाला इजा झाल्यावर जे विणकर गोळा झाले, त्यांच्यावर ती खूण नव्हती. ते केशवाहिन्यांच्या भोवती असणाऱ्या आधारपेशींपासून आले होते. त्यानंतरच्या संशोधनाने मधला मार्ग दाखविला: नलिकापेशी अंशतः पालटते, जागा सोडत नाही, पण आपले काम टाकून शेजारच्या विणकरांना सतत चिथावणी देत राहते. काचपात्रातील प्रयोग खोटा नव्हता. त्यावरून काढलेला निष्कर्ष काचपात्राबाहेर नेण्याची घाई झाली. औषधांच्या दुष्परिणामांविषयी ठाम बोलणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

प्राण्यांच्या प्रयोगांची कथाही उद्बोधक आहे. सायक्लोस्पोरिन माणसांना देण्यापूर्वी प्राण्यांना दिले गेले होते, आणि त्यांच्या मूत्रपिंडात मनुष्यासारखे वण काही केल्या दिसत नसत. त्यामुळे वणांचा प्रश्न प्रयोगशाळेत हाती घेताच येईना. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांना मार्ग सापडला. त्यांनी उंदरांच्या खाद्यातील मीठ तोडले. मीठ तुटले की शरीर पाणी व रक्तदाब राखण्यासाठी मूत्रपिंडातील रेनिन-अँजिओटेन्सिन ही यंत्रणा जोमाने चालू करते. त्या अवस्थेत सायक्लोस्पोरिन दिले असता चार आठवड्यांच्या आत पट्टेरी वण उमटले. त्याच यंत्रणेला रोखणारी, रक्तदाबावरची नेहमीची औषधे बरोबर दिली, तर वण पुष्कळच कमी झाले. या प्रयोगाचा एक बोध असा की, औषध एकटे काम करीत नाही. शरीरातील पाणी आटलेले असणे, त्यात औषधाची भर पडणे, ही जोडगोळी घातक होय. उष्ण प्रदेशात, उन्हात राबणाऱ्या, अतिसाराने वरचेवर बेजार होणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. त्यातून अतिसारात टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाणही वाढते, म्हणजे दुहेरी संकट. उंदरावरून थेट मनुष्यावर उडी घेऊ नये हे खरे, तरीही दिशा स्पष्ट आहे.

आता मतभेदाकडे वळावयास हरकत नाही. २००३ मध्ये सिडनीतील वेस्टमीड रुग्णालयातून एक मोठे काम प्रसिद्ध झाले. १२० प्रतिरोपितांच्या मूत्रपिंडांचे ९६१ तुकडे दहा वर्षांच्या काळात ठराविक अंतराने काढून तपासण्यात आले होते. दहा वर्षांनी औषधबाधेच्या म्हणून मानल्या गेलेल्या खुणा जवळपास प्रत्येकात होत्या. हे वाचून वैद्यकातील एका मोठ्या वर्गाचे मत झाले की, मूत्रपिंडाचा खरा शत्रू म्हणजे हे औषध. ते लवकरात लवकर कमी करावे, जमल्यास बंदच करावे, अशी लाट आली. तंतुमयता दिसली की अहवालात औषधबाधा असे लिहून मोकळे होण्याची सवय पडली. ही सवय आळसाची होती. वण हा मूत्रपिंडाच्या प्रत्येक दुखण्याचा शेवट आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, अस्वीकार, जंतुसंसर्ग, मूळ दात्याचे वय, कोणत्याही वाटेने गेले तरी मूत्रपिंड शेवटी त्याच गावी पोचते. रोहिणीतील तो काचेसारखा पदार्थसुद्धा औषधाची खास सही नव्हे. वार्धक्यात व मधुमेहात तो आढळतो. प्रतिरोपित मूत्रपिंडाच्या विकृतींची वर्गवारी ठरविणाऱ्या बॅन्फ परिषदेने २००५ मध्ये दीर्घकालीन प्रतिरोपित-मूत्रपिंडविकार हे सर्वसमावेशक नावच वर्गवारीतून काढून टाकले, ते याच कारणाने. नाव दिले की रोग कळला असे वाटते, आणि शोध थांबतो.

पुढील काही वर्षांत अमेरिका व कॅनडा येथील पाहण्यांनी दाखविले की, निकामी झालेल्या प्रतिरोपित मूत्रपिंडांची कारणे एकेक करून शोधली तर निव्वळ औषधबाधेने गेलेली फारच थोडी निघतात. मोठा वाटा शरीराने त्या मूत्रपिंडाविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांचा असतो. आणि अशी प्रतिपिंडे, विशेषेकरून, औषध कमी पडलेल्या किंवा चुकविलेल्या रुग्णांत तयार होतात. म्हणजे औषधाच्या भीतीने औषध कमी करणाऱ्याने मूत्रपिंडाला एका शत्रूच्या हातून सोडवून दुसऱ्या, अधिक क्रूर शत्रूच्या हाती दिले. यावर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता असे म्हणणारे भेटतात की, औषधबाधेचा बागुलबुवा उगाच उभा केला गेला. खरा प्रश्न प्रतिपिंडांचाच. हे मतही टिकणारे नाही. स्टॅनफर्डच्या हृदयरुग्णांना मूत्रपिंडाविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती, तरी त्यांची मूत्रपिंडे वाळली. निकामी झालेल्या अवयवाच्या मृत्युपत्रावर औषधाचे नाव क्वचित येते, याचा अर्थ त्याने इजाच केली नाही असा होत नाही. गाळण्याची शक्ती आधीच चतुर्थांशाने घटलेल्या मूत्रपिंडाला पुढचा आघात सोसत नाही, एवढी साधी गोष्ट या पक्षाच्या हिशेबातून निसटते.

दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली सिंफनी नावाची चाचणी अधिक शिकविते. १,६४५ रुग्णांचे चार गट करून त्यांना चार प्रकारे औषधे देण्यात आली. टॅक्रोलिमसची मात्रा कमी, पण मोजून मापून, रक्तात दर मिलिलिटरला ३ ते ७ नॅनोग्रॅम इतकीच राखलेल्या गटात वर्षअखेरीस मूत्रपिंडाची शक्ती सर्वांत चांगली राहिली, आणि अस्वीकारही सर्वांत कमी झाला. ज्या गटात हे कूळ पूर्णपणे टाळून सिरोलिमस हे वेगळे औषध दिले, तेथे अस्वीकाराचे प्रमाण शेकडा ३७ वर गेले. कमी टॅक्रोलिमसच्या गटात ते १२ होते. औषध टाकणे हा उपाय नव्हे. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेलाटासेप्ट हे कॅल्सिन्यूरिनला न शिवणारे औषध आहे. सात वर्षांनंतर ते घेणाऱ्यांची मूत्रपिंडे सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक समर्थ होती. परंतु प्रारंभीच्या काळात अस्वीकार अधिक होतो, दरमहा शिरेतून द्यावे लागते, आणि किंमत जबर. जगातील बहुसंख्य रुग्णांना पुढील पुष्कळ वर्षे कॅल्सिन्यूरिनरोधकांवरच राहावे लागेल, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे.

म्हणून प्रश्न येऊन थांबतो तो मापनावर, आणि येथे भारताच्या परिस्थितीचा स्वतंत्र विचार आवश्यक होतो. या देशात मूत्रपिंड-प्रतिरोपणाचे यशस्वी पर्व १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सुरू झाले. आज वर्षाला दहा हजारांहून अधिक प्रतिरोपणे होतात. बहुतेक दाते जिवंत नातलग असतात, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे: आई, पत्नी, बहीण. असे मूत्रपिंड गमावले तर दुसरे देणारे घरात बहुधा उरलेले नसते. ज्या वस्तूला पर्याय नाही, तिची निगा अधिक बारकाईने व्हावी, अशी अपेक्षा असते. घडते ते निराळेच. शस्त्रक्रियेसाठी दागिने विकले जातात, देणग्या गोळा होतात, शासनाचे साहाय्यही मिळते. पण नंतरच्या वर्षांत औषधाच्या पातळीची रक्ततपासणी ही खर्चात काटछाट करण्याची पहिली जागा ठरते. गोळी दिसते, तपासणीचा उपयोग दिसत नाही.

ही काटकसर भारतात विशेष धोक्याची आहे. एक तर टॅक्रोलिमसचे पचन करणारे यकृतातील एक एंझाइम दक्षिण आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक प्रमाणात क्रियाशील आढळते. अशा रुग्णाला नेहमीची मात्रा अपुरी पडते, तर त्याच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णाला तीच मात्रा जास्त होते. चेहरा पाहून हे कळत नाही. दुसरे, क्षयरोग. प्रतिरोपितांत तो भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, आणि त्यावरचे प्रमुख औषध रिफाम्पिसिन हे टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांचा शरीरात इतका झपाट्याने निचरा करते की त्यांची मात्रा तिप्पट-चौपट करावी लागते. क्षयाची औषधे सुरू करणारा वैद्य एका ठिकाणी, मूत्रपिंडाचा वैद्य दुसऱ्या शहरात. मधल्या काळात अस्वीकाराला दार उघडे. रिफाम्पिसिन थांबल्यावर वाढविलेली मात्रा तशीच राहिली, तर उलट बाजूने विषबाधा.

याच्या विरुद्ध टोकाचा उपाय भारतीय वैद्यांनी गरजेपोटी योजिला. केटोकोनाझोल व डिल्टियाझेम ही स्वस्त औषधे सायक्लोस्पोरिनचा निचरा मंदावतात. त्यांतले एखादे जोडीला दिले की महाग औषध थोडक्यात भागते. अनेक केंद्रांनी याच मार्गाने गरीब रुग्णांची मूत्रपिंडे टिकविली, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण या तारेवरच्या कसरतीला पातळीची तपासणी हाच काठ आहे. तो हातात नसेल तर ही युक्ती करू नये. औषधांवरच थांबत नाही. पपनस हे फळही तेच करते. दिवाळीच्या सुमारास बाजारात येणारे हे निरुपद्रवी फळ टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण अचानक वाढवू शकते, ही गोष्ट प्रत्येक प्रतिरोपिताला रुग्णालय सोडतानाच सांगितली गेली पाहिजे. एका कंपनीची गोळी बदलून दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी घेण्यास हरकत नसते. बदलानंतर पातळी न तपासण्यास मात्र हरकत आहे.

यास्तव, प्रतिरोपणासाठी दिला जाणारा सार्वजनिक पैसा केवळ शस्त्रक्रियेच्या दिवसापुरता न मोजता त्यात पुढील वर्षांच्या पातळी-तपासण्या व प्रसंगी लागणारी सुईची तपासणी यांचा समावेश असावा, असेच म्हटले पाहिजे. क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. तो वाढेपर्यंत वण बरेचसे विणून झालेले असतात आणि विणलेले उसवता येत नाहीत. मात्रा बदलण्याचा निर्णय रुग्णाने स्वतःहून घेऊ नये. दुष्परिणामांविषयी वाचून घाबरलेल्या रुग्णाने तर मुळीच नव्हे.

तपासणी जेथे उपलब्ध आहे तेथेही ती एका साध्या कारणाने पुष्कळदा फुकट जाते. औषधाची पातळी मोजण्यासाठी रक्त मागील गोळीनंतर सुमारे बारा तासांनी व पुढील गोळीच्या आधी घ्यावे लागते. दूरगावाहून पहाटेच्या गाडीने आलेला रुग्ण नियमाला जागून सकाळी वेळेवर गोळी घेऊनच रांगेत उभा राहतो. मग येणारा आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसतो, आणि त्यावर विसंबून मात्रा कमी केली जाते. गोळी बरोबर आणावी, आधी रक्त द्यावे, मग गोळी घ्यावी, एवढे तीन शब्दसमूह रक्त घेण्याच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत, त्या त्या प्रांताच्या भाषेत लावण्यास कोणत्याही रुग्णालयाला अनुदानाची वाट पाहावी लागू नये.